अडुळसा घ्यायचा कसा

सोयाबीनच्या मळणीची धूळ छातीत बसली आणि वैजयंतीचा खोकला काही हटेना. औषध कोणतं, यावर घरात दुमत नव्हतं. बांधावरचा अडुळसा. भांडण होतं ते तो घ्यायचा कसा यावर. आणि भांडणारे कोण, तर नवरा हरीओम आणि धाकटा दीर पवन. जन्मात दोघांनी स्वतःचा चहा केला नव्हता.

"काढाच पाह्यजे," हरीओम बाजेवर पडल्यापडल्या म्हणाला. "चौथाई राहीस्तोर उकयला पाह्यजे."

"उकयला का त्यातला दम गेला," पवन मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला. "पानं वाटून रस काढा, मध टाका, अनशापोटी घ्या. वहिनी, तू दोन्ही करून पाह्य. कोणतं लागू पडते ते समजन."

वैजयंतीला खोकल्याची उबळ आली. छाती तिची दुखायची, पानं तिनंच तोडायची, तिनंच वाटायची, आणि अक्कल या दोघांनी पाजळायची! आसेगावच्या पारावर बसून देशाचा कारभार हाकणारे हे शहाणे. परवा घरात मीठ कुठं असतं ते विचारायला यांनी शेजारणीला हाक मारली होती.

तिनं पिठाचे हात धुतले.

"मी काई करत नाई. तुमी काढा करा, भाऊजी रस काढन. मी निजतो."

दार लोटून ती पडली. मिक्सर घरघरला, काहीतरी सांडलं, दोघं एकमेकांवर खेकसले. ते ऐकता ऐकता तिला गाढ झोप लागली.

उठून पाहते तर भिंतीवर हिरवे शिंतोडे आणि पातेल्याचं बूड कोळसा झालेलं. समोर दोन पेले. एकात डांबर, दुसऱ्यात देठं तरंगत होती.

"घे," दोघं एकदमच म्हणाले.

"आधी तुमी घ्या. एकमेकाचं."

पवननं काढ्याचा घोट घेतला आणि थुंकायला अंगणात पळाला. हरीओमनं तेवढंही केलं नाही. "मले कुठं खोकला हाय?" म्हणाला.

तिनं दोन्ही पेले मोरीत ओतले, लुगडं बदललं आणि जीपनं शेलूबाजार गाठलं. डॉक्टरनं छाती तपासली, गोळ्या दिल्या, मळणीत तोंडाला फडकं बांधायला सांगितलं. हळूहळू खोकला बसला.

एक दिवस शेजारचे देवमनकाका ओसरीवर टेकले. "सूनबाईचा खोकला गेला वाटते?"

"काढ्यानं," हरीओम म्हणाला.

"रसानं गेला," पवन म्हणाला, आणि दोघांची पुन्हा जुंपली.

"काहून वं पोरी, कोणतं लागू पडलं?" काकांनी ओसरीच्या कडेला धान्य पाखडत बसलेल्या वैजयंतीलाच विचारलं.

"दोन्ही मोरीले पाजले, काका. मोरी काई खोकलत नाई आता."

काका खो खो हसले. हरीओमला मात्र लाज म्हणून वाटली नाही. "चौथाई नीट झाली असती ना, तर..." त्यानं सुरू केलं, तशी ती सूप उचलून आत निघून गेली.