झाकण

"बाई, थोडं पाणी पाहिजे. इंजिनाच्या पाण्याची टाकी उकळली," मोटारीतून उतरलेला माणूस म्हणाला. केळापूरच्या रस्त्यावर, तांड्यातल्या पहिल्याच घरासमोर, त्याची मोटार वाफा सोडत उभी होती.

जमनाबाईने त्याला ओळखलं. त्याने तिला नाही. ते कापसाच्या जिनचे मालक सदाशिवराव होते. तिचा नवरा किसनसिंग सात वर्षं त्यांची मोटार चालवत होता. सन अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात अशीच टाकी उकळली, तेव्हा तो म्हणाला होता, "मालक, अर्धा घंटा थांबा." मालकांना लग्नाला पोचायचं होतं. "काढ म्हणतो ना झाकण," ते ओरडले. त्याने काढलं. उकळतं पाणी तोंडावर उडून दोन्ही डोळे गेले. मालकांनी गावभर सांगितलं, ड्रायव्हर प्यायलेला होता.

चार वर्षं ती या माणसाचं वाईट चिंतत आली होती. आता तो हाताला रुमाल गुंडाळून झाकणाकडे वाकत होता. घागर कमरेवर घेऊन ती गप्प उभी राहिली. काढ, ती मनात म्हणाली.

"झाकनाले हात नोका लावू."

वाफेचा आवाज ऐकून किसनसिंग घरामागून काठी टेकत आला होता. सदाशिवरावांनी त्याला पाहिलं, हात मागे घेतला, आणि त्यानंतर तोंडातून शब्द काढला नाही.

किसनसिंग मोटार चाचपत बोलत राहिला. "गरम इंजनात एकदम थंडं पानी ओतलं का तडकते, भाऊ. रोज सकाळी, इंजन थंडं असताना, टाकी पाहात जा. पानी गाळून टाकत जा, नाहीतर गाळानं नळ्या बुजतात." तो हसत होता.

अर्ध्या तासाने त्याने झाकणावर ओलं पोतं टाकलं, झाकण थोडं फिरवून वाफ जाऊ दिली, मग काढलं.

"आन वं पानी."

जमनाबाई हलली नाही. "पयले त्यायले नाव सांगू दे."

"कायले? वाटसरू असन कोनी."

"सांगा साहेब, मोठ्यानं. नाहीतर घागर इथंच पालथी करतो मी."

त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. कोणी येत नव्हतं.

"सदाशिवराव," ते म्हणाले.

किसनसिंगचं हसू गेलं. हात टाकीवरच राहिला.

"मी पेलेलो होतो का त्या दिशी, मालक?"

"नाही."

तिने घागर पुढे केली. "इंजन चालू करा," किसनसिंग म्हणाला. तो हळूहळू पाणी ओतत गेला, मधूनमधून बोट घालून पातळी पाहात. झाकण आवळलं. "जा."

मोटार पांढरकवड्याकडे निघून गेली.

"आयकलं ना? त्याच्याच तोंडानं वदवलं," जमनाबाई म्हणाली.

"आयकलं." तो म्हणाला. "चार सालात पयल्यांदा कोनाची गाडी दुरुस्त करून राह्यलो होतो. तू नाव इचारलं नसतं तं तेवढी खुशी तरी हाती उरली असती."

तिने हात धुवायला उरलेलं पाणी पुढे केलं, ते त्याने घेतलं नाही. बोटांना लागलेला गंज आणि तेल नाकाशी नेऊन तो उन्हात तसाच उभा राहिला.