कोनी आत आहे काय?

मी कुलूप बोलतोय. बोलणं हे कुलपाचं काम नाही. कुलूप गप्प राहतं म्हणून तर लोक त्याच्या भरवशावर लग्नाला जातात. पण आता मला कोणी लावत नाही. तोंड उघडंच आहे, तर बोलून घेतो.

अंगानं मी लोखंडाचा, वर पितळेची झाकणी, वजन असं की पायावर पडलो तर नख जाईल. जन्म अलीगढकडच्या कुठल्याशा कारखान्यातला. त्यातलं काही आठवत नाही. ज्याला आपला जन्म आठवतो तो थापा मारतो. मला आठवतं ते अकोट, आणि नाकातोंडात जाणारा कापूस.

अकोटच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, रुईच्या गोदामाला मला लावलं. चौकीदार होता पंजाबराव. तेव्हा तिशीतला, मिशा काळ्याभोर, आणि आवाज असा की गाठी दाबायची प्रेस चालू असतानाही पलीकडच्या फाटकावर ऐकू जायचा. त्याची एक रीत होती. पाळी संपली की मला हातात घेऊन गोदामाच्या पत्र्यावर तीनदा ठोकायचा आणि ओरडायचा, "कोनी आत आहे काय?" कापसाच्या ढिगावर कामाच्या बाया थकून कलंडायच्या. एखादी आत राहिली आणि ठिणगी पडली, तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून तीन ठोके, तीन हाका. आतून 'ओ' आली तर थांबायचं. नाही आली तरच मला दाबायचं. तीस वर्षांत एक दिवस चुकला नाही.

आता माझं पाप सांगतो. आमच्या दोघांचं पाप.

एका हंगामात त्यानं मला कडीत नीट न अडकवता नुसतं लोंबकळत ठेवलं. ट्रक मागे आला, मी खाली पडलो, चाक अंगावरून गेलं. वरून काही दिसेना, पण आतली कळ ढिली झाली. त्या दिवसापासून बुडावर एक ठोसा मारून डावीकडे झटका दिला की मी किल्लीशिवाय उघडतो. हे त्याला कळलं आणि मला कळलं. मालकाला सांगायला पाहिजे होतं, पण चूक त्याची होती. त्यानं तोंड शिवलं. त्याऐवजी आपली बाज उचलली आणि गोदामाच्या दारासमोर आणून टाकली. तेवीस वर्षं पाळीभर तिथून हलला नाही. मालक पाहुण्यांना सांगायचा, "पंजाबराव आहे म्हनून आमाले घोर नाही." कुलूप खोटं होतं म्हणून माणूस खरा झाला होता, हे मालकाला काय ठाऊक!

मग जिनिंग बंद पडली. जाताना पंजाबरावनं निशाणी म्हणून मला मागून घेतलं. घरी दुर्गाबाईनं मला पत्र्याच्या पेटीला लावलं. तिचा हात नेहमी ओला असायचा, पिठाचा नाहीतर भांड्यांचा. कुलपाला माणूस तोंडावरून नाही, हातावरून कळतो. चांगला हात होता. दोन वर्षांपूर्वी ती गेली. पेटीत तिची लुगडी राहिली, बाहेर मी, आणि आंगणात बाजेवर पंजाबराव. राखायला काहीच नाही असा चौकीदार.

मुलगा अमोल अमरावतीला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला. शनिवारी एस.टी.नं येतो, सोमवारी पहाटे जातो. त्यानं नवा फोन घेतला आणि जुना बापाला दिला. त्यात एक खेळही टाकून दिला. "बाबा, तुमचा वेळ जाईन," म्हणाला. वेळ गेला. नुसता वेळच गेला असता तर मी आज बोललो नसतो.

त्या खेळात एक किल्ला. किल्ल्यात धान्य, सोनं, दारूगोळा. फाटकं लावायची, पहारे बसवायचे. जगभरातले लोक लुटायला येतात. तुम्ही फोन खाली ठेवला की आलेच. आता मला सांगा, तीस वर्षं गोदाम राखलेल्या माणसाला दुसरा कोणता खेळ द्यायचा राहिला होता? अमोल हुशार, पण अक्कल कमी.

पहिल्या आठवड्यात बुढा खूश होता. शेजारच्या ओमप्रकाशला दाखवायचा. हा जिनिंगमधला जुना काटेवाला, कापूस तोलणारा. "पाय, सत्तर जन आले होते, एकाले आत नाई येऊ देलं!" महिन्याभरानं हेच वाक्य वेगळ्या आवाजात यायला लागलं, "जेवाले कसा येऊ? तिकडं फाटक उघडं पडते नं!" जिनिंगमध्ये आठ तासांनी पाळी बदलायची. दुसरा गडी यायचा, हा घरी जायचा. त्या किल्ल्यात पाळीच बदलत नाही. चहावर साय धरायची. दाढी वाढली. डोळे असे लाल की पाहणाऱ्याच्या डोळ्यांना पाणी यावं.

बरं, ओमप्रकाशही खेळतो हो. पत्त्यांचा खेळ, फोनवरच. दिवसाचे चार-चार तास बसतो. पण बायकोनं, माणिकबाईनं, "चाय हो गई" म्हटलं की फोन उशीखाली सारून उठतो. तिथेच फरक आहे, पण तो मला नंतर कळला.

एप्रिलमध्ये ते झालं. पंजाबरावची नात करिश्मा, सात वर्षांची. तिची शाळेची गाडी साडेअकराला चौकात सोडते आणि आजोबानं तिला घ्यायचं. त्या दिवशी किल्ल्यावर मोठी धाड होती म्हणे. पोरगी सायकलवाल्याच्या पत्र्याखाली सव्वा तास उभी. अकोटचं एप्रिलचं ऊन ज्याला माहीत आहे त्याला मी काय सांगू. सून संध्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. कोणीतरी तिला फोन केला, ती ड्यूटी टाकून धावली. पोरगी लालबुंद, ओठ सुकलेले. घरी आली तर बुढा मान खाली घालून बोटं चालवतच होता.

"मामाजी," ती सासऱ्याला म्हणाली. ती कधी आवाज चढवत नाही, त्या दिवशीही नाही. "करिश्मा कुठं आहे?"

"शायेत."

"वाजले किती?"

त्यानं वर पाहिलं. पोरगी दारातच उभी होती.

रविवारी घरात पंचायत बसली. अमोल म्हणाला, "संध्या, गेम आहे तो. दारू थोडी आहे! मीबी खेयतो."

"तुमी खेयता अन जेवाले उठता. हे उठत नाहीत. लपवून खेयतात, मना केलं की अंगावर येतात. सोडतो म्हनतात अन सुटत नाही. दारूवाल्याले आमी दवाखान्यात हेच विचारतो. अन आता डाक्टर लोकं ह्यालेबी आजारच म्हनतात."

बुढा भडकला. "मी कोनाचं खाल्लं? नालीत पडतो का? तंबाखू सोडली मी, एका दिवसात सोडली! हेबी सोडतो. मनात आलं की सोडतो."

"मंग आज येऊ द्या मनात," संध्या म्हणाली.

शेवटी ठरलं की फोन पेटीत राहील, किल्ली संध्याकडे, आणि संध्याकाळी एक तास मिळेल. पेटी तीच दुर्गाबाईची. आणि पेटीला मी.

हसू का रडू ते कळेना. ज्या माणसाच्या हातात मी तीस वर्षं राहिलो, त्याच्याच विरुद्ध मला उभं केलं. आणि घरात एकट्या त्यालाच ठाऊक, की मी नावाचंच कुलूप आहे. फितूर व्हायचं असेल तर त्याला, राखायचं असेल तर त्याच्यापासून. अडकित्त्यात सापडलेल्या सुपारीनं काय करावं?

दोन दिवस त्यानं कळ काढली. बाजेवरून उठायचा, पेटीपर्यंत यायचा, परत फिरायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी, संध्या ड्यूटीवर असताना, आला. बुडावर ठोसा, डावीकडे झटका. मी उघडलो. काय करणार, माझी कळच ढिली.

तो हात मी ओळखला नाही. सांगतो ते खरं सांगतो. जिनिंगमध्ये एकदा एक चोर माझ्याशी झटला होता. त्याच्या हाताला घाई होती. पंजाबरावच्या हाताला तहान होती. घामानं ओला. हा हात कधीकाळी मला ठोकून हाका मारायचा!

मग रोजचंच झालं. संध्या गेली की ठोसा, ती यायच्या आत फोन परत आणि मी बंद. संध्याकाळी ती किल्लीनं मला उघडायची, एक तास द्यायची, आणि बुढा शहाण्यासारखा एका तासानं फोन परत करायचा. "पाहा," अमोलला ती फोनवर सांगायची, "सुधरून राहिले." मी लोखंडाचा आहे म्हणून, नाहीतर तिथेच वितळलो असतो.

मोठ्या माणसांना वाटतं लहान पोरं खेळत असतात. पोरं पाहत असतात. करिश्मानं ठोसा पाहिला होता.

मे महिन्यात एका दिवशी संध्याची सुट्टी होती. सकाळपासून घरात. बुढ्याला पेटीजवळ फिरकता येईना. अकरा वाजता तो भिंतीवर चिडला, बाराला पंख्यावर. एक वाजता करिश्मा पाढे म्हणत होती, साताच्या पाढ्यात अडकली, तर त्यानं तिचा कंपास उचलून आंगणात भिरकावला. पेन्सिली, खोडरबर, सगळं बाभळीच्या ढलप्यांत. पोरगी रडली नाही. गोळा करून आणलं आणि कोपऱ्यात जाऊन बसली.

चारच्या सुमारास संध्या भाजी आणायला चौकात गेली. तिची चप्पल दाराबाहेर वाजली, आणि माझ्यावर हात आला. मला वाटलं तोच. पण हात इवलासा होता. एका हातात मी, दुसऱ्या हातात खलबत्त्याचा बत्ता. पहिला ठोका चुकला, पत्र्यावर बसला. दुसरा तिच्या बोटावर. तिनं बोट तोंडात घातलं, काढलं, तिसरा बरोबर बसवला आणि डावीकडे झटका दिला. मी उघडलो. या हाताला ना घाई होती, ना तहान. भीती होती.

ती फोन घेऊन बाजेपाशी गेली. "आबाजी, हा घ्या. लवकर."

"कोनं सांगतलं तुले काढाले?"

"कोनंच नाई. हा देला की तुमी रागवत नाई नं."

सांगायला मला लाज वाटते, पण फोन त्यानं घेतला. अंगठा आपोआप चालला. किल्ला उघडल्याचं तुतारीसारखं वाजलं. मी पेटीवर तोंड वासून पडलो होतो, सगळं ऐकत होतो.

मग आवाज थांबला.

त्यानं मान वर केली होती. करिश्मा दारात उभी होती, पाठ घराकडे, तोंड रस्त्याकडे, दुखरं बोट मुठीत. "तुमी खेया आबाजी," ती न वळता म्हणाली. "आई दिसली की मी सांगतो."

सात वर्षांची पोर पहाऱ्यावर. तीस वर्षं चौकीदारी केलेल्या माणसाला ते उभं राहणं चांगलंच ओळखता येतं.

"करिश्मा," त्यानं फोन बाजेवर टाकला. "इकडं ये माय. तुई पाळी संपली."

संध्या आली तेव्हा फोन बंद करून त्यानं तिच्यासमोर ठेवला, आणि मलाही. "सूनबाई, हे कुलूप खोटं आहे. बुडावर ठोसा मारला की उघडते. रोजच काढतो मी. आज पोरीनं काढून देला."

संध्या पिशवी हातात धरून तशीच उभी. "कवापासून खोटं आहे?"

"जिनिंगमधलं. पंचवीस-तीस वर्षं झाले असतीन."

"अन मालक?"

"त्यालेबी नाई सांगतलं. तुई सासूबी तशीच गेली, तिलेबी माहीत नव्हतं. आज पयल्यांदा सांगून राहिलो." मग फोन तिच्याकडे सरकवत तो म्हणाला, "मी म्हनत होतो मनात आलं की सोडतो. मनात रोज येते वं माय. हात आयकत नाई. नवं कुलूप आन. चांगलं पाहून आन. अन त्याची खोड मले कयू देऊ नको."

तिनं पिशवी खाली ठेवली. पोरीचं बोट पाण्यात धरलं. मग एवढंच म्हणाली, "मंगयवारी माह्यासंगं दवाखान्यात येता का?"

"येतो. लोकं काय म्हनतीन त्याचं तू पाय."

दुसऱ्या दिवशी नवं कुलूप आलं. चकचकीत, हलकं, आजकालच्या पोरांसारखं. ते पेटीला लावताना पंजाबराव पुढे झाला. सवयीनं मला उचललं आणि पेटीच्या पत्र्यावर तीनदा ठोकलं. "कोनी आत आहे काय?"

करिश्मा खुदकन हसली. संध्या हसली नाही. मीही हसलो नाही. माझा आवाज त्यांना ऐकू जात असता तर मी तेव्हाच 'ओ' दिली असती. म्हणालो असतो, आहे, आत एक माणूस आहे. पंजाबराव नावाचा. जरा थांबा, दाबू नका.

आता मी खिडकीच्या गजाला लटकतो. उघडाच. गंज चढतोय. मला भंगारात का टाकत नाहीत ते बुढ्यालाच ठाऊक. तो चार वेळा दवाखान्यात जाऊन आला. बरा झाला का, तर नाही. दुपार झाली की उठतो, पेटीपर्यंत येतो, नव्या कुलपावर हात ठेवतो. तो हात मला इथूनही कळतो. कधी माझ्याकडे पाहतो, जसं काही मीच त्याला ओढून बाहेर काढायला पाहिजे. बाबा रे, मी तर आयुष्यभर आतच ठेवायला शिकलो.

खूप खेळणं म्हणजे व्यसन का, हे मला विचाराल तर मी तास मोजणार नाही. ओमप्रकाशही चार तास बसतो. मी एवढंच पाहीन, की हाक मारल्यावर माणूस उठतो का. उठला तर खेळ. नाही उठला तर तो आत राहिला आहे आणि बाहेरून दार लागलं आहे, मग कुलूप असो नसो.

आणि तुमच्या घरात कोणी असा असेल, तर घाईघाईनं माझ्यासारख्याला विकत आणून दाबू नका. आधी पत्र्यावर ठोका. एकदा नाही, तीनदा. नाव घेऊन हाक मारा.

कालचीच गोष्ट. पंजाबराव पेटीवर हात ठेवून उभा होता. आंगणातून करिश्मानं हाक मारली, "आबाजी!" तो हलला नाही. "आबाजी, साताचा पाढा घ्या नं!" तरी नाही. तिनं तिसरी हाक मारली.

"ओ," तो म्हणाला, आणि हात उचलला.