सुखदाच्या लॅपटॉपची झोप

माझ्या पुण्याच्या बहिणीची नात सुखदा नोकरीसाठी बेंगळुरूला आली आणि आमच्या चामराजपेटेतल्या घरी राहिली. बऱ्याच वर्षांनी घरात मराठी बोलायला नवं तोंड आलं. जुनं तोंड म्हणजे माझे यजमान मालोजीराव, गल्लीचे अण्णा. वीज खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते मुख्यतः “बटण बंद करा” एवढंच बोलतात.

सुखदाच्या लॅपटॉपमध्ये विंडोजऐवजी लिनक्स होतं. काम संपलं की ती त्याला झोपवून, झाकण लावून, चार्जर जोडून हॉलमध्ये ठेवायची. सकाळी बघावं तर तो तापलेला आणि बॅटरी संपलेली. मीटिंगमध्ये दोनदा फजिती झाल्यावर ती म्हणाली, “अक्का, या घराच्या वायरिंगमध्येच लोचा आहे. कोरमंगलाला एक पीजी बघितलंय. महिनाअखेर जाईन म्हणते.”

मी न विचारता तिच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

आमचा व्हॉल्व्हचा रेडिओ बिघडला की कडेवर एक थाप मारायची, गाणं परत सुरू. सुखदाने थाप सोडून सगळं केलं. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल बदलला, बायोस बदललं, इंटरनेटवर जगभरच्या लोकांना विचारलं. त्यांनी ग्राफिक्स कार्डावर संशय घेतला. घरात कोण कोण राहतं, हे कुणीच विचारलं नाही.

वायरिंगचा शब्द अण्णांना लागला होता. “मी स्वतः उभं राहून करून घेतलंय ते. तुझं लिनक्सच फुकटचं, मग असंच व्हायचं.”

“फुकटचं नाही अण्णा, मुक्त.”

“म्हणूनच मोकाट.”

रविवारी जेवणं झाल्यावर तिने लॅपटॉप झोपवला आणि आम्ही दोघी त्याच्यासमोर बसून राहिलो. तो गपगार होता. अण्णा हात पुसत आले आणि जाता जाता भिंतीवरचं चार्जरचं बटण बंद केलं. लॅपटॉपचा पंखा घुरघुरला.

सुखदाने बटण लावलं, त्याला परत झोपवलं, बटण बंद केलं. पुन्हा घुरघुर.

“अण्णा, हे तुम्ही रोज करता?”

“रोज. यंत्र झोपलं तर वीज कशाला?”

“वीज गेली की हा जागा होतो!”

“मी बंद करतो आणि ते चालू होतं? काय शिकलीस गं कॉलेजात?”

मी म्हटलं, “अहो, हे एक बटण राहू द्या ना.” त्यांनी असं पाहिलं, जणू मी दार उघडं टाकून गावाला चला म्हटलं.

“जाऊ दे अक्का,” सुखदा म्हणाली. “अण्णांपेक्षा लॅपटॉप बदलायला सोपा.” तिने लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये दोन ओळी लिहिल्या. आता अण्णांनी काहीही चालू-बंद केलं तरी त्याने तिकडे लक्ष न देता पडून राहायचं होतं. ही युक्ती मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी जमली होती.

रीस्टार्ट करूनही ते टिकलं. सुखदाने पीजीच्या मालकिणीला फोन लावला आणि नव्याने शिकलेल्या कन्नडात म्हणाली, “बेडा.” नको. पुढचं तिला येईना, म्हणून फोन माझ्या हातात दिला.

पुढचं मी सविस्तर सांगितलं.