ओव्याचा शेक

कलकत्त्यात पारा जरा उतरला की आमची अख्खी बागबाजारची वस्ती माकडटोप्या चढवते. नागपूरहून बदली होऊन आलो तेव्हा आम्ही पोट धरधरून हसलो होतो. गेल्या हिवाळ्यात सासूबाई इथेच गेल्या आणि हसणं संपलं. छातीवर ओव्याच्या गरम पुरचुंडीचा शेक घेत पडून असायच्या. साधी सर्दी आहे, हे माझ्या नवऱ्याचं, दिगंबरचंच म्हणणं. निघाला न्यूमोनिया.

तेव्हापासून आमची नूपुर नुसती शिंकली तरी तो औषधाच्या दुकानाकडे धावायचा. या खेपेला डॉक्टर वैतागलेच. "सर्दीला अँटिबायोटिक काय करणार? पाणी पाजा, झोपू द्या. श्वास तेवढा बघत राहा. बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला तर घरी थांबू नका."

बघत राहायचं, आणि आम्ही पोरीला दोन-दोन स्वेटरांत बांधून ठेवलेलं! शहाणेच आम्ही.

दुपारी दिगंबर बँकेत होता. नूपुर पडल्यापडल्या म्हणाली, "आई, ओव्याचा वास येतोय."

नाक तिचं असं चोंदलेलं, की शेजारी तळत असलेल्या मासळीचाही तिला पत्ता नव्हता.

"आजी तवा तापवतेय."

स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. तवा गार होता. सासूबाई गेल्यापासून ओवा मी घरात आणलाच नव्हता. भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून रागही आला.

"आजी नाहीये, नूपुर. उगाच काहीतरी बोलू नकोस."

"आहे. इथे शेकतेय." तिने छातीवर हात ठेवला.

काही नाही, हे तिला दाखवायलाच मी स्वेटर वर सरकवले. पुरचुंडी नव्हतीच. पण प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता.

तशीच तिला उचलली आणि टॅक्सी गाठली.

इस्पितळात ऑक्सिजन लावल्यावर तिचा श्वास हळूहळू संथ झाला. वेळेत आणलंत, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कुठे मी दिगंबरला फोन लावला. दिगंबर धापा टाकत आला. मी त्याला सगळं सांगितलं. वाटलं, वेड्यात काढेल.

तो बाकावर बसला.

"माझ्याबद्दल काही बोलली का गं आई?"

मला खोटं बोलवेना. "नाही रे," मी म्हणाले.