बांबूचा कठडा

तिनं ओल्या फडक्यानं पलंगाखालची फरशी पुसली आणि फडकं उलटं दुमडलं. पिठासारखा पिवळसर भुसा आजही पडला होता. बाहेर नवरा दाढी करत होता. तो आत यायच्या आधी हात धुवायला हवे होते.

लेकीसाठी हा बांबूचा छोटा पलंग तिनंच हट्टानं करून घेतला होता. प्लायवूडच्या वासानं पोरीची छाती भरते, म्हणून ते नको. व्हार्निश नको, जवसाचं तेल चालेल. कारागीर म्हणाला होता, बांबू निदान औषधाच्या पाण्यात मुरवू द्या, नाहीतर भुंगा लागतो. तिनं तेही नको म्हटलं. दात येणारं पोर, कठडा चोखल्याशिवाय राहणार आहे का? नवरा आल्यागेल्याला सांगायचा, आमच्याकडे फर्निचर नाही, जंगल आहे. सासूबाई मात्र कधीच काही बोलल्या नाहीत. तिला त्याचीच जास्त धास्ती होती.

आता लेक कठडा धरून उभी राहायची आणि तो गदागदा हलवायची. पण चिमूटभर भुशानं काय होतंय, असं स्वतःला समजावत ती रोज पुसून टाकायची.

सुटीचा दिवस होता. जेवणानंतर तिचा बाहेरच्या खोलीतच डोळा लागला. जाग आली तशी ती धडपडत आत गेली. सासूबाई पलंगाशी उकिडव्या बसल्या होत्या, हातात फडकं. लेक कठड्याला लोंबकळून आजीकडे बघत हसत होती.

"तुम्ही कशाला पुसताय?"

"दुपारचं मीच पुसते गं," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुझ्या नजरेस पडलं तर जिवाला लावून घेशील. वर त्याची थट्टा आहेच."

तिला एकदम भरून आलं. मग तिचं लक्ष फडक्याकडे गेलं. तिथेही सकाळइतकाच भुसा होता.

"सकाळचं मी पुसते," ती म्हणाली.

सासूबाईंचा हात थांबला. "सकाळीही पडतो?"

तिनं लेकीला उचलून त्यांच्याकडे दिलं आणि कठड्याच्या सांध्यावर अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

"काय चाललंय दोघींचं?" बाहेरून नवऱ्यानं विचारलं.

"काही नाही रे," सासूबाई चटकन म्हणाल्या.

तिनं अंगठा तसाच ठेवला.

"जरा आत ये," ती म्हणाली.