सर रॉल्फचे वारस

मॅगलथॉर्प घराण्याचा मूळपुरुष सर रॉल्फ १०६६ साली विल्यम राजाबरोबर नॉर्मंडीहून जहाजाने इंग्लंडला आला, लढला, आणि बक्षीस म्हणून लिंकनशरमधलं अख्खं मॅगलथॉर्प गाव त्याला मिळालं. हे डेस्मंड मॅगलथॉर्पला पक्कं ठाऊक होतं. सर रॉल्फपासून १६९१ सालच्या पीटर मॅगलथॉर्पपर्यंतची सहाशे वर्षं तेवढी सापडत नव्हती. पीटरपासून पुढे मात्र माणूस न् माणूस नोंदलेला होता. एवढ्याशा फटीने कोणाचा थोरपणा अडतो थोडाच!

डेस्मंड चर-नाल्यांच्या सरकारी खात्यातून निवृत्त झाला होता. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या शेतातलं पाणी मोजून झाल्यावर त्याने स्वतःचं रक्त मोजायला घेतलं. त्याने 'मॅगलथॉर्प कुलमंडळ' काढलं, टपालाने कुलचिन्ह मागवलं (तीन रानडुकरांची मुंडकी, निळ्या ढालीवर) आणि नियम लिहिले. तिसरा नियम त्याचा लाडका. पूर्ण सभासद तोच, ज्याच्या अंगात सर रॉल्फचं रक्त आहे. बाकीचे, म्हणजे सुना, जावई आणि ग्वेन, हे सहयोगी सभासद. सहयोगी सभासदांना मत नव्हतं. त्यांना चहाची भांडी होती.

ग्वेन ही डेस्मंडची चुलतबहीण. अर्नॉल्डकाका आणि ईडीकाकूने तिला अकरा महिन्यांची असताना अनाथाश्रमातून आणलं होतं. आता ती अठ्ठावन्न वर्षांची होती. अर्नॉल्डने तिला सायकल शिकवली, ईडीने प्लम ब्रेड, म्हणजे मनुकांचा गोड पाव, करायला शिकवलं, आणि शेवटची सहा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या त्या दोघांचं सगळं तिने एकटीने केलं. रक्ताचे मॅगलथॉर्प त्या काळात नाताळची कार्डं पाठवत होते. तीही न चुकता, उगाच कोणाला नावं ठेवू नयेत.

यंदाच्या सभेनंतर मंडळ चर्चमध्ये ओकच्या फळ्यावर रंगवलेला वंशवृक्ष लावणार होतं. ग्वेनने त्याचा कच्चा आराखडा डेस्मंडच्या स्वयंपाकघरात पाहिला. अर्नॉल्ड आणि ईडीच्या खाली एकच शब्द होता, 'निपुत्रिक'.

"डेस्मंड, इथे माझं नाव राहिलंय."

"राहिलं नाही गं, बसत नाही," डेस्मंड चष्मा पुसत म्हणाला. "तू आमचीच आहेस, कोण नाही म्हणतंय? पण हा वंशवृक्ष आहे. इथे रक्ताचा प्रश्न येतो. उद्या कोणीही उठून म्हणेल, मलाही फांदीवर बसवा."

"मी कोणीही का?"

"आता लगेच चिडू नकोस. बरं, प्लम ब्रेड किती आणशील? साठ माणसं आहेत."

ग्वेन घरी आली आणि संतापाने रडली. तिला सर रॉल्फ नको होता, डुकरंही नको होती. शंभर वर्षांनी तो फळा वाचणाऱ्याला वाटेल की ही दोघं मागे कोणी नसताना मेली, ही गोष्ट तिला सहन होत नव्हती. त्या दोन नावांखाली आपलं नाव, एवढंच तिला हवं होतं.

गंमत अशी, की अडला हरी. जुनं हस्ताक्षर लागायचं ते ग्वेनलाच, तिने संध्याकाळच्या वर्गात जाऊन ते शिकून घेतलं होतं. डेस्मंडला त्या अक्षरांत फक्त नाले दिसत. म्हणून जिल्ह्याच्या दप्तरखान्यात जाऊन पीटरच्या बापाचं नाव शोधायचं काम त्याने मोठ्या मनाने तिच्यावर सोपवलं.

"बापाचं नाव तेवढं आण," तो म्हणाला, "मग सर रॉल्फ काय, हाकेच्या अंतरावर आहे."

तिसऱ्या दिवशी ग्वेनला नोंद सापडली. तिने ती दोनदा वाचली आणि इतकी हसली, की तिथल्या बाईंनी तिला बाहेर जायला सांगितलं.

तरी तिने सरळपणा सोडला नाही. सभेच्या आदल्या दिवशी तिने डेस्मंडच्या हातात एक पाकीट दिलं. "हे उद्याच्या आधी वाच. नक्की."

डेस्मंडला वाटलं, पुन्हा नावाचंच रडगाणं. त्याने पाकीट कोटाच्या आतल्या खिशात टाकलं आणि भाषणाची उजळणी करायला घेतली.

शनिवारी गावच्या सभागृहात साठ मॅगलथॉर्प जमले. कॅनडाहून लॉईड आला होता. त्याने कोटावर तीन मुंडकी भरून घेतली होती, सोन्याच्या जरीने. भिंतीशी फळा उभा होता. खालची सगळी नावं रंगवून झाली होती, वरची जागा मोकळी होती, आणि पाट्या रंगवणारा टेड ब्रश घेऊन तयार होता.

"आता आमच्या सहयोगी सभासद ग्वेन," डेस्मंड म्हणाला, "पीटरच्या वडिलांचं नाव वाचून दाखवतील."

ग्वेन त्याच्या कानाशी आली. "पाकीट वाचलंस ना?"

"वाच गं, भाव नको खाऊस."

मग तिने वाचलं. "'९ नोव्हेंबर १६९१. चर्चच्या ओसरीत सलगमाच्या टोपलीत सापडलेला मुलगा. आईबाप ठाऊक नाहीत. नाव पीटर ठेवलं. आडनाव नसल्याने गावाचं दिलं. सांभाळायला विधवा ॲन टपलिन हिच्याकडे सोपवला.'"

कोणीतरी तोंडातलं सँडविच चावायचं थांबलं.

"हो, तशी रीतच होती," गावचे पाद्री शांतपणे म्हणाले. "सापडलेलं मूल गावाच्या खर्चाने वाढायचं, म्हणून त्याला गावाचं नाव. इंग्लंडभर असे पुष्कळ आहेत."

लॉईडने कोटाचं बटण उघडून ती बाजू आत दुमडायचा प्रयत्न केला.

"पण असंही असेल," डेस्मंडचा आवाज चिरकला, "की ते मूल एखाद्या उमरावाचं..."

"सलगमाच्या टोपलीत?" एक्क्याण्णव वर्षांच्या विनिफ्रेड आत्या ओरडल्या. "उमरावाकडे पाळणा नव्हता का रे, मेल्या?"

लोक हसले. ग्वेन हसली नाही. तिने कागदाची घडी घातली.

"तिसऱ्या नियमाप्रमाणे," ती म्हणाली, "इथे पूर्ण सभासद एकही नाही. सगळेच सहयोगी. मग आज भांडी कोण धुणार, डेस्मंड?"

डेस्मंडने खिशातलं पाकीट काढलं, फोडलं, वाचलं आणि तो खुर्चीवर बसला. आत तीच नोंद होती, ग्वेनने त्याला एक दिवस आधीच दिलेली. आत्यांनी तिसरा नियम रद्द करायचा ठराव मांडला. हात वर झाले. डेस्मंडचा सगळ्यांत शेवटी, पण झाला.

पुढच्या महिन्याच्या पत्रकात त्याने लिहिलं, की परक्या पोराला आपलं म्हणणं ही मॅगलथॉर्पांची तीनशे वर्षांची उज्ज्वल परंपरा आहे. या वेळी मात्र त्याच्याकडे पुरावा होता.

त्या शनिवारी मात्र तो निमूटपणे भांडी धूत होता. सभागृह रिकामं झालं होतं आणि टेड शिडीवर चढला होता.

"पीटरच्या वर काय लिहू?" त्याने विचारलं.

"ॲन टपलिन," ग्वेन म्हणाली.

"ती त्याची आई कुठे होती?"

"वाढवलं ना तिने? मग आई आणखी कोण असते?"

टेडने नाव लिहिलं. मग तो खाली उतरला, पातं घेऊन 'निपुत्रिक' हा शब्द खरवडू लागला. "आणि इथे?"

 ग्वेनने त्याचा ब्रश घेतला आणि अर्नॉल्ड-ईडीच्या खाली आपलं नाव स्वतःच लिहिलं. अक्षर थोडं वाकडं आलं. टेडने ते तसंच राहू दिलं.