भटूची माती

शिंदखेड्याकडच्या त्या गावात भटूइतका शहाणा माणूस दुसरा नव्हता, असं खुद्द भटूच सांगायचा. भागाबाईच्या मात्र त्याचं तोंड पाहिलं की मस्तकात तिडीक जायची. आणि का नाही जाणार? तिची विहीर पाझर तलावाच्या बांधाखाली होती. बहात्तरच्या दुष्काळात त्याच बांधावर तिने मातीच्या पाट्या वाहिल्या होत्या. तलावात पाणी मुरलं की विहिरीला झरे फुटायचे आणि त्यावर तिची मिरची पिकायची. नवरा गेल्यापासून तिचं घर त्या मिरचीवरच चाललं होतं.

मग भटूची नजर वरच्या टेकडीवरच्या गायरानावर पडली. त्याने ते बळकावून आपलं वावर केलं, अंजनाची झाडं तोडून विकली, गवत उपटलं आणि भाड्याचा ट्रॅक्टर आणून उतार वरून खाली उभा नांगरला. आडवं नांगरायचं तर ट्रॅक्टर कलतो, ड्रायव्हर कुरकुरतो! शहाण्याने पाण्याला आयत्या वाटा करून दिल्या. पाच-सहा पावसाळ्यांत टेकडीची माती तलावात येऊन बसली आणि भटूला वर नुसता मुरूम उरला. तळाला चिकट गाळ बसल्यावर पाणी मुरेना, ते जागच्या जागी उन्हाने आटायचं. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात भागाबाईचा पोहरा विहिरीच्या दगडावर आपटला.

तिने पारावर जाऊन तोताराम सरपंचाला सांगितलं, गाळ काढा, ज्याने त्याने आपल्या शेतात न्या. फुकटची गोष्ट, गावाचं लगेच एकमत झालं. पण पहिली बैलगाडी तलावात उतरली तशी भटू तिच्यापुढे आडवा आला.

"हात लावानं नही! बठ्ठी माती मना वावरनी शे."

सरपंच मान खाजवायला लागला. निवडून आल्यापासून एवढं एकच काम त्याने मन लावून केलं होतं.

"बरोबर शे," भागाबाई म्हणाली. "माती तुनीच. मंग ती आमना तळामां काय करी ऱ्हायनी? आखाजीपावत बठ्ठी उचल, नहीते गाव लई जाई."

लोक खो खो हसले. सगळी माती आपली म्हणणारा भटू आपल्याच शब्दात सापडला. पण आपली माती गाव फुकट नेणार म्हटल्यावर तो हट्टाला पेटला. त्याने ट्रॉल्या लावल्या, दोन्ही मेहुण्यांना जुंपलं.

भागाबाई रोज सकाळी बांधावर बसून ती गंमत बघायची. "घाम तुना, तळं आमनं!" असं वरून ओरडायची. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, तलावाचा जुना तळ उघडा पडला. गाव तिच्या अकलेची तारीफ करत होतं आणि तिला ती गोड लागत होती. तिने मिरचीचं रोप दुप्पट टाकलं.

भटूने तो गाळ टेकडीवर पसरला आणि वर ट्रॅक्टर घातला. वरून खाली, खालून वर. भागाबाईने बांधावर बसून तेही पाहिलं. गाढवाला गुळाची चव काय, म्हणाली आणि पोटभर हसली. वावर त्याचं, नांगर त्याचा, आपल्याला काय करायचंय?

मोकळी केलेली माती ती, आषाढात टिकते थोडीच! ट्रॉल्यांनी वर गेलेली माती ओघळांनी खाली आली आणि तलावात पसरली. दिवाळीच्या आतच मिरचीने माना टाकल्या. पोहरा पुन्हा दगडावर आपटला.

भागाबाई बांधावर येऊन उभी राहिली. मागून भटू आला, तंबाखू मळत तिच्याशेजारी उकिडवा बसला. चेहऱ्यावर लाजेचा मागमूस नव्हता.

"अक्का, काळजी करू नका," तो म्हणाला. "माती मनी शे. आखाजीले परत उचली लिसू."

तिच्याकडे पोतंभर शिव्या तयार होत्या. पण समोर टेकडीवर नांगराची ती उभी तासं अजून दिसत होती. याच जागी बसून तिने ती पडताना पाहिली होती, हसत हसत.